पंचांचा निर्णय आणि फेरविचाराची किंमत

चावडीवर बसून वतनाचा तंटा तोडणारा तोहि पंच आणि क्रिकेटच्या मैदानांत यष्ट्यांमागें उभा राहून बोट वर करणारा तोहि पंच. आमच्या भाषेनें या दोघांस एकच नांव दिलें आहे. इंग्रजांचा खेळ आपण घेतला, त्याचे अनेक शब्दहि घेतले. परंतु निर्णय देणाऱ्या माणसासाठीं मराठी माणसास बाहेर शोध करावा लागला नाहीं. "पांचामुखीं परमेश्वर" ही म्हण ज्या समाजांत शतकानुशतकें चालत आली, त्यास निर्णय देणारा कोण आणि त्याच्या शब्दास मान कां द्यावा, हें सांगण्याची गरज नव्हती.

तथापि पंचांचा शब्द एकदां निघाला म्हणजे त्यावर दादच नाहीं, असें आमच्या जुन्या न्यायपद्धतींतहि नव्हतें. मराठेशाहींतील निवाडे पाहतां असें दिसतें कीं, एका ठिकाणच्या गोतसभेचा निर्णय न पटल्यास वादी दुसऱ्या थळीं जाऊन पुन्हां निवाडा मागत असे. परंतु ही दाद फुकट मिळत नसे. पंचांचें म्हणणें मान्य करूं असा राजीनामा आधीं लिहून द्यावा लागे, जामीन द्यावा लागे, आणि हरलेल्या पक्षास आपला दावा खोटा ठरल्याचें येजितखत लिहून देऊन गुन्हेगारी भरावी लागे. जिंकणाराहि सुटत नसे. तो हरकी भरी. म्हणजे निर्णयाचा फेरविचार आणि त्या फेरविचाराची किंमत या दोन्ही कल्पना आम्हांस नव्या नाहींत. नवें आहे तें इतकेंच कीं, गेल्या कांहीं दशकांत त्या क्रिकेटच्या मैदानावर येऊन पोंचल्या. त्या कशा पोंचल्या, आणि त्या येण्यानें खेळाच्या नीतींत कोणता पालट झाला, हें पाहण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

क्रिकेटच्या नियमांची एक खूण प्रथम ध्यानांत घेतली पाहिजे. क्षेत्ररक्षण करणाऱ्या पक्षानें विचारल्यावांचून पंच कोणासहि बाद देत नाहीं. "कसें काय?" या अर्थाची ती आरोळी उठली तरच पंचास निर्णय द्यावयाचा असतो. दाद मागणें हा या खेळाचा पायाच आहे. परंतु ही दाद एका बाजूचीच होती. गोलंदाजानें विचारावें, पंचानें सांगावें, आणि फलंदाजानें मुकाट्यानें तंबूची वाट धरावी. बाद नसतांना बाद ठरलेल्या फलंदाजास बोलण्याची सोय नियमांत नव्हती. एकच फट होती: प्रतिपक्षाचा कर्णधार, पंचाच्या संमतीनें, आपलें अपील मागें घेऊं शकत असे. म्हणजे अन्याय झालाच तर त्याचें निवारण ज्यास त्या अन्यायाचा लाभ झाला त्याच्याच मनाच्या मोठेपणावर सोंपविलेलें होतें.

असा मोठेपणा मुंबईनें पाहिला आहे. फेब्रुवारी १९८० मध्यें वानखेडे मैदानावर भारत आणि इंग्लंड यांचा सुवर्णमहोत्सवी कसोटी सामना झाला. भारताच्या २४२ धावांस उत्तर देतांना इंग्लंडचे पांच गडी ५८ धावांत बाद झाले होते. इयन बोथम आणि बॉब टेलर खेळत असतां कपिलदेवच्या चेंडूवर टेलर यष्टिरक्षकाकडे झेलबाद असल्याचा निर्णय पंचांनीं दिला. टेलर घोटाळला, त्याच्या मतें बॅटीस चेंडू लागलाच नव्हता. त्या सामन्यांत भारताचे कर्णधार असलेले गुंडप्पा विश्वनाथ स्लिपमध्यें उभे होते. त्यांसहि तसेंच वाटलें, आणि त्यांनीं टेलरला परत बोलाविलें. पुढें त्या जोडीनें १७१ धावांची भर घातली आणि इंग्लंडनें दहा गडी राखून सामना जिंकला. विश्वनाथांचें नांव त्या दिवसामुळें अधिकच आदरानें घेतलें जातें, आणि तें योग्यच आहे. परंतु न्यायाची व्यवस्था म्हणून विचार केला तर एक अडचण दिसते. प्रत्येक संघास विश्वनाथ लाभत नाहीं. ज्या व्यवस्थेंत अन्याय दूर होण्यासाठीं कोणी तरी सामना गमावण्यास तयार असावें लागतें, ती व्यवस्था सद्गुणी माणसांच्याच खांद्यांवर उभी राहते.

या चित्राची दुसरी बाजू एका वर्षाच्या आंतच मेलबर्न येथें दिसली. फेब्रुवारी १९८१ मधील त्या कसोटींत सुनील गावसकर आणि चेतन चौहान हे दुसऱ्या डावांत उत्तम खेळत होते. चौहान हे महाराष्ट्राच्या संघांतून पुढें आलेले आणि पुण्याच्या वाडिया महाविद्यालयांत शिकलेले. गावसकर ७० वर असतां डेनिस लिलीच्या चेंडूवर पंच रेक्स व्हाइटहेड यांनीं त्यांस पायचीत दिलें. चेंडू आधीं बॅटीस लागला होता, अशी गावसकरांची खात्री होती. त्यांनीं पॅडवर बॅट आपटून तें दाखविलें. पण दाखवावयाचें कोणास? ऐकून घेणारें न्यायासनच नव्हतें. संतापाच्या भरांत त्यांनीं चौहानांसहि मैदानाबाहेर चालण्यास सांगितलें. संघाचे व्यवस्थापक दुराणी यांनीं सीमेजवळ येऊन चौहानांस परत पाठविलें नसतें, तर तो सामना तेथेंच सुटला असता. तसें झालें नाहीं. चौहानांनीं ८५ धावा केल्या, चौथ्या डावांत ऑस्ट्रेलियाचा संघ ८३ धावांत गारद झाला आणि भारत ५९ धावांनीं जिंकला. गावसकरांनीं पुढें त्या वर्तनाबद्दल खेद व्यक्त केला. मुंबईंत मोठेपणानें जें साधलें तें मेलबर्नमध्यें क्रोधानें साधलें नाहीं, एवढाच निष्कर्ष कोणी काढील. आम्हांस त्याहून वेगळें वाटतें. दोन्ही ठिकाणीं उणीव एकच होती. तक्रार होती, पण तक्रारीस वाट नव्हती.

वाट नसली म्हणजे संशय वाढतो. यजमान देशाचे पंच आपल्याच संघाकडे झुकतात, ही कुजबूज त्या काळीं सर्वत्र होती. तिच्यावर पहिला उपाय म्हणून त्रयस्थ पंच आले. आणि त्या आरंभींहि एक मुंबईकर होता. नोव्हेंबर १९८६ मध्यें लाहोर येथें पाकिस्तान आणि वेस्ट इंडीज यांच्या कसोटीसाठीं मुंबईचे पिलू रिपोर्टर आणि त्यांचे सहकारी व्ही. के. रामस्वामी हे भारतीय पंच बोलाविले गेले. पुढें १९९४ पासून प्रत्येक कसोटींत एक, आणि २००२ पासून दोन्ही पंच त्रयस्थ देशांचे असावे, असा नियम झाला. पक्षपाताचा संशय याने बराच मावळला. परंतु प्रामाणिक पंचाच्याहि हातून चूक होते, तिला हा उपाय लागू पडत नव्हता.

तिच्यावरील उपाय दूरदर्शनाच्या चित्रांतून निघाला. नोव्हेंबर १९९२ मध्यें डर्बन येथें भारत आणि दक्षिण आफ्रिका यांच्या कसोटींत प्रथमच तिसरा पंच नेमण्यांत आला. तो पडद्यासमोर बसे, आणि मैदानावरील पंचानें विचारल्यास चित्र पुन्हां पाहून धावचीत अथवा यष्टिचीत यासंबंधीं निर्णय कळवी. सामन्याच्या दुसऱ्या दिवशीं जाँटी ऱ्होड्सची फेक आली, पंच सिरिल मिचली यांनीं तिसऱ्या पंचाकडे खूण केली, आणि कार्ल लीबेनबर्ग यांनीं चित्र पाहून फलंदाज बाद असल्याचें कळविलें. यंत्राच्या साक्षीनें बाद ठरलेला हा जगांतील पहिला फलंदाज म्हणजे एकोणीस वर्षांचा सचिन तेंडुलकर. त्या वेळीं कोणासहि अन्याय झाल्यासारखें वाटलें नाहीं. कारण जें डोळ्यांस अंधुक दिसलें होतें तें चित्रांत स्पष्ट दिसत होतें. परंतु चित्र पाहण्याचा अधिकार पंचाचाच होता. पंचास शंका आली तरच तो विचारणार. त्याची खात्री असेल आणि ती खात्रीच चुकीची असेल, तर खेळाडू पूर्वीइतकाच असहाय.

ही असहायता जानेवारी २००८ मध्यें सिडनी येथें कळसास पोंचली. ईशांत शर्माच्या चेंडूवर अँड्र्यू सायमंड्सच्या बॅटीची कड लागून झेल गेला असतां पंच स्टीव्ह बकनर यांनीं तो नाबाद दिला. तेव्हां तो ३० वर होता. पुढें त्यानें नाबाद १६२ धावा केल्या. घरोघरीं दूरदर्शनासमोर बसलेल्या माणसास जें दिसत होतें तें पंचास दिसत नव्हतें. पंचाची चूक पूर्वी मैदानापुरती राहत असे. आतां कोट्यवधि लोक ती क्षणांत आणि वारंवार पाहूं लागले. निर्णय देणाऱ्यापेक्षां प्रेक्षकाजवळ अधिक पुरावा असावा, ही स्थिति कोणत्याहि न्यायासनास फार काळ सोसणारी नाहीं.

त्याच वर्षीं जुलैमध्यें कोलंबो येथें भारत आणि श्रीलंका यांच्या कसोटींत पहिला प्रयोग झाला. आतां खेळाडूनेंच फेरविचार मागावयाचा, आणि मागणी फसली तर तो हक्क गमवावयाचा. प्रत्येक डावांत अशा तीन फसलेल्या मागण्यांची मुभा होती. जुन्या निवाड्यांतील गुन्हेगारीची आठवण यावी, अशीच ही योजना होती. तीन सामन्यांच्या त्या मालिकेंत श्रीलंकेच्या अकरा मागण्या खऱ्या ठरल्या, आणि भारताची केवळ एक. भारतीय संघाच्या मनांत या पद्धतीविषयीं जी अढी बसली ती येथपासून. २००९ च्या नोव्हेंबरांत इतर देशांनीं ती कसोटी क्रिकेटमध्यें अधिकृतपणें स्वीकारली, तरी दोन देशांमधील मालिकांत ती वापरण्यास भारताच्या नियामक मंडळाचा विरोध बराच काळ टिकला. चेंडूचा पुढील मार्ग दाखविणारें चित्र पूर्ण विश्वसनीय नाहीं, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. मध्यंतरीं विश्वचषकाच्या सामन्यांत मात्र ती स्वीकारावी लागली. आणि ३० मार्च २०११ रोजीं मोहाली येथें पाकिस्तानविरुद्धच्या उपांत्य सामन्यांत सचिन तेंडुलकर २३ वर पायचीत दिले गेले असतां याच पद्धतीनें ते परत खेळूं लागले. त्यांनीं ८५ धावा केल्या आणि भारत जिंकला. यंत्राच्या शब्दानें प्रथम बाद झालेला फलंदाज यंत्राच्याच शब्दानें वांचला. अखेर नोव्हेंबर २०१६ मध्यें राजकोट येथें इंग्लंडविरुद्धच्या कसोटीपासून मंडळानें ही पद्धति प्रयोगादाखल मान्य केली.

अमेरिकेंतील बेसबॉलचा खेळ याच सुमारास याच वाटेनें चालला होता, हें पाहून नवल वाटतें. तेथें ऑगस्ट २००८ मध्यें चेंडू सीमेबाहेर गेला कीं नाहीं एवढ्यापुरतें चित्र पाहण्यास मुभा मिळाली. ती पुरेशी नाहीं हें जून २०१० मध्यें कळलें. डेट्रॉइटच्या आर्मांडो गॅलरागानें प्रतिपक्षाच्या सव्वीस खेळाडूंस ओळीनें बाद केलें होतें. सत्ताविसावाहि बाद झाला होता; पण पंच जिम जॉइस यांनीं तो नाबाद दिला, आणि एक दुर्मिळ विक्रम हुकला. चित्र पाहतांच जॉइस यांनीं आपली चूक जाहीरपणें कबूल केली. दुसऱ्या दिवशीं गॅलरागानेंच त्यांच्या हातीं आपल्या संघाची यादी दिली, तेव्हां त्यांस अश्रु आवरले नाहींत. निर्णय मात्र बदलला नाहीं, कारण बदलण्याची वाट नव्हती. २०१४ पासून तेथें संघाच्या व्यवस्थापकास फेरविचार मागण्याचा हक्क मिळाला, आणि ते निर्णय न्यूयॉर्क येथील एका केंद्रांत बसलेले पंच चित्रें पाहून देऊं लागले. प्रत्येक मागणीची नोंद राहते: कोणीं मागितली, कशाविरुद्ध मागितली, निर्णय पक्का झाला, उलटला, कीं पुराव्याअभावीं तसाच राहिला. पहिल्याच वर्षीं पाहिलेल्या निर्णयांपैकीं जवळजवळ निम्मे उलटले. या नोंदींचा अर्थ नीट घेतला पाहिजे. पंच निम्मे वेळां चुकतात, असें त्यांवरून ठरत नाहीं. कारण हजारों बिनचूक निर्णयांस कोणी आव्हानच देत नाहीं. तक्रार करणाऱ्यांपैकीं निम्म्यांची तक्रार खरी नसते, हेंहि तीच वही सांगते.

आतां आमच्या जवळच्या मैदानाकडे वळूं. पिंपरी-चिंचवडच्या सीमेलगत, मुंबई-पुणें द्रुतगती मार्गाच्या कडेला, मावळांतील गहुंजे येथें महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचें मैदान आहे. २०१२ सालापासून तेथें आंतरराष्ट्रीय सामने होऊं लागले. ज्या परिसरांत तें उभें आहे त्याचा आणि आमच्या विषयाचा एक संबंध आम्हांस दिसतो. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला. मागाहून टेल्को आली, आकुर्डीस बजाज आली, आणि पुढें मोटारींच्या कारखान्यांनीं चाकणचीं माळरानें भरून गेलीं. या पट्ट्यांत हजारों घरांचें पोट मोजमापावर चालतें. तेथील तपासनीसास हें पक्कें ठाऊक असतें कीं, कोणताहि दांडा अगदीं नेमक्या मापाचा कधींच नसतो. नकाशावर मापापुढें अधिक-उणें किती चालेल तें लिहिलेलें असतें. त्यास ते टॉलरन्स म्हणतात. त्या मर्यादेंत दांडा असला तर तो चालतो. शिवाय मोजण्याचें साधनहि चुकतें, म्हणून तें ठराविक मुदतीनें तपासून घ्यावें लागतें.

पायचीतच्या फेरविचारांत जें "अंपायर्स कॉल" म्हणून ऐकूं येतें, तें याच जातीचें आहे. हॉक-आय हें यंत्र इंग्लंडांतील पॉल हॉकिन्स यांनीं सिद्ध केलें आणि २००१ मध्यें दूरदर्शनावर प्रथम आलें. निरनिराळ्या कोनांत बसविलेले कॅमेरे चेंडू पाहतात, त्यांवरून प्रत्येक क्षणीं चेंडू कोठें होता तें गणितानें काढतात, आणि पायास लागल्यानंतर तो कोठें गेला असता याचें अनुमान करतात. आधींचा भाग मोजमाप आहे. शेवटचा भाग अनुमान आहे. म्हणून नियम असा कीं, चेंडूचा अर्ध्याहून कमी भाग यष्टीस लागत आहे असें अनुमान निघालें, तर पंचांनीं मैदानावर जो निर्णय दिला तोच कायम. एकच चेंडू, एकच चित्र, आणि तरी पंचांनीं बोट वर केलें असेल तर बाद, नसेल तर नाबाद, हें अनेकांस विसंगत वाटतें. आम्हांस त्यांत प्रामाणिकपणा दिसतो. यंत्राची जेथपर्यंत खात्री आहे तेथपर्यंत यंत्राचें ऐकावें. त्यापलीकडे ज्यानें प्रत्यक्ष पाहिलें त्याचा मान राखावा. बेसबॉलच्या वहींतील "तसाच राहिला" हा रकाना याचाच सोयरा आहे.

गहुंजेच्या मैदानावर पहिला कसोटी सामना २३ फेब्रुवारी २०१७ रोजीं सुरू झाला आणि तीन दिवसांत संपला. ऑस्ट्रेलियानें २६० आणि २८५ धावा केल्या. भारतानें १०५ आणि १०७. स्टीव्ह ओ'कीफ या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजानें ७० धावांत १२ गडी बाद केले, आणि सलग एकोणीस कसोटी न हरलेला भारतीय संघ ३३३ धावांनीं हरला. खेळपट्टीस सामनाधिकाऱ्यानें निकृष्ट असा शेरा दिला. परंतु आमच्या विषयास महत्त्वाचें आहे तें चौथ्या डावाचा आरंभ. विजयास ४४१ धावा हव्या असतां मुरली विजय पायचीत दिला गेला; त्यानें फेरविचार मागितला आणि तो फसला. लगेच के. एल. राहुल पायचीत दिला गेला. त्यानेंहि मागितला आणि तोहि फसला. सहा षटकांच्या आंत संघाच्या दोन्ही मागण्या संपल्या. पुढें त्याच डावांत आणखी फलंदाज पायचीत झाले. पण त्यांजपाशीं विचारण्याचा हक्कच उरला नव्हता. विजय आणि राहुल यांनीं तो स्वतःच्या विकेटीसाठीं खर्च केला. तो मात्र अकरा जणांचा होता. मेलबर्नला गावसकरांजवळ वाट नव्हती. गहुंजेस वाट होती, आणि ती चालतां चालतां संपली.

येथें आम्हांस या इतिहासाचें मर्म सांपडतें. फेरविचारानें पंचाचा अधिकार हिरावून घेतला, असें वारंवार म्हटलें जातें. वस्तुतः त्यानें जबाबदारीची वांटणी केली. पूर्वी चुकणारा एक पंच होता आणि तक्रार करणारे बावीस. आतां तक्रार करणाराहि चुकूं शकतो, आणि त्याची चूक पंचाच्या चुकीइतकीच स्वच्छ दिसते, नोंदली जाते, आणि तिची भरपाई त्याच्या सोबत्यांस करावी लागते. मी बाद नव्हतों, असें प्रत्येकास वाटतें. तें वाटणें आणि तें खरें असणें यांतील अंतर या पद्धतीनें प्रथमच मोजून दाखविलें. याच मालिकेंतील पुढील सामन्यांत, बंगळूर येथें, ऑस्ट्रेलियाचा कर्णधार स्टीव्ह स्मिथ फेरविचार मागावा कीं नाहीं हें विचारण्यासाठीं आपल्या तंबूकडे पाहूं लागला, तेव्हां पंचांनीं त्यास अडविलें. निर्णय पंधरा सेकंदांत, मैदानावरच, आपल्याच बुद्धीनें करावयाचा. पडद्याची मदत घेऊन दाद मागितली तर तिला किंमत उरत नाहीं.

तरीहि या पद्धतीच्या मर्यादा आहेत. सप्टेंबर २०१७ पर्यंत "अंपायर्स कॉल" आल्यावरहि मागणाऱ्याचा हक्क जात असे. ज्याची तक्रार जवळजवळ खरी होती त्यासहि पूर्ण दंड, हें अन्यायाचें होतें. तें पुढें सुधारलें गेलें, आणि अशा वेळीं हक्क राखून ठेवण्याचा नियम झाला. कांहीं निर्णय अद्याप सर्वत्र फेरविचाराच्या कक्षेंत आले नाहींत. १९ ऑक्टोबर २०२३ रोजीं गहुंजेसच विश्वचषकाच्या सामन्यांत विराट कोहली ९७ वर असतां बांगलादेशच्या नसूम अहमदनें पायांच्या बाजूनें बाहेर टाकलेला एक चेंडू पंच रिचर्ड केटलबरो यांनीं वाइड दिला नाहीं. त्यावर दिवसेंदिवस चर्चा झाली. पण त्या स्पर्धेंत वाइडविषयीं दाद मागण्याची सोय नव्हती. त्याच वर्षीं मुंबईंत झालेल्या महिलांच्या प्रीमियर लीगमध्यें मात्र वाइड आणि नो-बॉल यांवरहि फेरविचार मागतां येत होता. अमेरिकेंतहि कक्षा वाढतच आहे. बेसबॉलमध्यें चेंडू योग्य कीं अयोग्य हें ठरविण्याच्या पंचाच्या मूळ अधिकारावरहि आव्हान देण्याची पद्धति २०२६ च्या हंगामासाठीं २०२५ मध्यें संमत झाली. यापुढें उरलेलें सर्वच यंत्राकडे जाईल काय, असा प्रश्न विचारला जातो. आमचें उत्तर असें कीं, आव्हानांची संख्या मर्यादित आहे तोंवर न्याय माणसाच्याच हातीं आहे. ज्या दिवशीं प्रत्येक चेंडूचा निर्णय आपोआप होईल, त्या दिवशीं पंचाबरोबर दाद मागण्याची कलाहि संपेल.

भोसरीच्या किंवा चाकणच्या मोकळ्या मैदानावर रविवारीं कारखान्यांतील तरुण टेनिसच्या चेंडूनें खेळतात. तेथें कॅमेरा नसतो, पडदा नसतो. आपल्यांतीलच कोणी तरी पंच म्हणून उभा असतो. त्या मुलांनीं दूरदर्शनावर हातांनीं चौकोन काढून फेरविचार मागणारे खेळाडू पाहिलेले असतात, आणि तीच खूण तेहि थट्टेनें करतात. घरांतील वडील मंडळींस वाटतें कीं, पंचाशीं वाद घालण्याची ही शिकवण झाली. आम्हांस तसें वाटत नाहीं. मात्र त्या खुणेचा अर्धाच भाग मुलांपर्यंत पोंचूं नये. दाद मागण्याचा हक्क हा तिचा एक भाग. दाद खोटी ठरल्यास हक्क सोडून मुकाट्यानें चालूं लागणें हा दुसरा. आमच्या पूर्वजांनीं निवाड्यापूर्वींच राजीनामा लिहून घेतला, तो याच दुसऱ्या भागासाठीं.